'टेक' म्हणजे 'घेणे' नव्हे

मुरुडसारख्या गावातला विद्यार्थी 'मी परीक्षा दिली' हे वाक्य इंग्रजीत लिहिताना 'गिव्ह' हे क्रियापद वापरतो आणि त्याखाली लाल रेघ येते. रेघेला आमचा आक्षेप नाही. इंग्रजीत परीक्षार्थी परीक्षा 'टेक' करतो, हे त्याला कळलेच पाहिजे. आक्षेप आहे तो रेघेसोबतच्या हसण्याला.

ही चूक अडाणीपणाची नव्हे. मराठीत परीक्षा घेतो तो शिक्षक आणि देतो तो विद्यार्थी. एकाच प्रसंगाकडे दोन भाषा दोन टोकांकडून पाहतात. हे न सांगता आपण 'टेक म्हणजे घेणे' ही जोडी घोकून घेतो. ती टिकते कुठवर? औषध, शपथ, विश्रांती येथवर. पुढे फोटो आपण काढतो, पाऊल उचलतो, आंघोळ करतो. आणि मुरुडहून बार्शीला जायला वेळ लागतो.

या 'लागणे'कडेच पाहा. भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, प्रवासात गाडी लागते. आमच्या कोरड्या मुलखात बोअरला पाणी लागते. मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) या क्रियापदाची बोळवण एका प्रतिशब्दावर केली नाही. आपण मात्र इंग्रजी क्रियापदाला अनेक अर्थ असले की त्याला समृद्धी म्हणतो आणि मराठीला असले की सैलपणा!

स्पर्धेच्या युगात अशी तुलना करायला सवड कोणाला, असे विचारले जाईल. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. पाव शतक घोकूनही 'गिव्ह' आणि 'टेक'चा घोळ उरत असेल, तर सवड कशात वाया गेली हे उघड आहे.

नुकसान उलट दिशेनेही होते. 'स्टेशनवरून रिक्षा घेतली' असे मराठी आता सुशिक्षितांच्या तोंडी सर्रास ऐकू येते. मुरुडात कोणी 'रिक्षा घेतली' म्हणाला, तर लोक आधी विचारतील, "केवढ्याला?" हा प्रश्न विचारणाऱ्याला आपली भाषा कळते. हसायचेच असेल तर त्याला हसू नये.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की इंग्रजीचे क्रियापद शिकवणाऱ्याने शेजारी मराठीचे क्रियापद मांडावे. ज्याला 'देणे', 'घेणे' आणि 'लागणे' यांतला भेद उमगला, त्याला 'टेक' परका वाटणार नाही.