प्रवेशाची नोंद आहे, गळतीची कुठे आहे?



शिंदखेडा तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीत जा आणि विचारा, मागच्या पाच वर्षांत इथून किती पोरं-पोरी कॉलेजला गेल्या? लोक बोटांवर मोजून सांगतात. मग विचारा, त्यातल्या पदवी घेऊन किती बाहेर पडल्या? बोटं मध्येच थांबतात. एक सुरतेला कामाला गेला. एकीचं लग्न झालं. एक पहिल्याच वर्षी दोन विषयांत अडकला आणि पुन्हा फिरकला नाही. वस्तीला निदान एवढं तरी ठाऊक आहे. कॉलेजला तेही ठाऊक नाही.

आम्ही काही कार्यकर्ते परिसरातल्या एका महाविद्यालयात गेलो आणि साधा प्रश्न विचारला. तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला आलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांपैकी शेवटच्या वर्षाला किती पोहोचले? कार्यालयात आम्हाला बसवलं, चहा दिला, प्रवेशाची यादीही दाखवली. किती आले, ते होतं. शिष्यवृत्तीचे किती अर्ज भरले, तेही होतं. किती गळाले, कोणत्या वर्षी गळाले, का गळाले, याचा कागद नव्हता. "तसं कोणी काढत नाही," असं उत्तर मिळालं. उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्यावर आमचा राग नाही. त्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता, आणि यात आपलाही दोष आहे.

आपण ज्यांचे वारसदार म्हणवतो त्या बाबासाहेबांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी भावनेला हात घातला नाही. समाजाचे चार गट, प्रत्येकाची लोकसंख्या आणि त्या प्रमाणात शाळा-कॉलेजात पोहोचलेली मुलं, असा हिशेब त्यांनी मांडला. लोकसंख्येत दुसरा असलेला मागासवर्ग शिक्षणात शेवटचा होता आणि कॉलेजात जवळपास शून्य. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेलं शिक्षणविषयक निवेदनही आकड्यांवरच उभं होतं. सरकार सरासरी सांगत होतं, आणि बाबासाहेब ती जातवार फोडून दाखवत होते.

ज्या अमेरिकेत बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले, तिथल्या बहुतेक विद्यापीठांत आज या कामासाठी स्वतंत्र कार्यालय असतं. त्याला संस्थात्मक संशोधन कार्यालय म्हणतात. आपल्याच संस्थेचा अभ्यास करणं हे त्याचं काम. कोण आलं, कोण टिकलं, कोणत्या विषयात कोण नापास झालं, किती वर्षांत कोण बाहेर पडलं, याचा हिशेब ते ठेवतं. सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना हे आकडे केंद्र सरकारला द्यावे लागतात. एका वर्षी दाखल झालेली तुकडी धरून त्यातल्या किती जणांनी पदवी पूर्ण केली, हे वंशवार आणि लिंगवार जाहीर होतं. ही बळजबरी १९९० च्या कायद्याने आली.

याचा उपयोग काय, ते अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात दिसतं. २००३ च्या सुमारास तिथे जेमतेम ३२ टक्के विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचत. विद्यापीठाने आपलेच आकडे तपासले, तेव्हा कळलं की शेवटाजवळ आलेली कित्येक मुलं काहीशे डॉलरच्या थकबाकीपायी नाव कटून घरी जातात. २०११ पासून अशा मुलांची थकबाकी विद्यापीठ स्वतः छोट्या अनुदानातून भरू लागलं. अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला वेळीच गाठण्याची व्यवस्थाही उभी राहिली. पदवीचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर गेलं आणि काळ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण गोऱ्यांच्या बरोबरीला आलं. आपल्याकडे शिष्यवृत्ती खात्यात उशिरा येते, परीक्षेचा फॉर्म भरताना फी मागितली जाते आणि पोरगं लाजेने कॉलेज सोडतं. अशी किती पोरं? कोणी मोजलं?

मोजण्याची यंत्रणा आपल्याकडे नाही असंही नाही. नॅकचं मूल्यांकन झालेल्या प्रत्येक कॉलेजात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, म्हणजे आयक्यूएसी, असावाच लागतो. तो दरवर्षी अहवाल भरतो. राखीव जागा किती भरल्या, निकाल किती टक्के लागला, शिष्यवृत्ती किती जणांना मिळाली, हे सगळं त्यात असतं. पण निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर निघते. जो परीक्षेपर्यंत पोहोचलाच नाही, तो या हिशेबातून आधीच बाद. म्हणजे आपली पोरं जितकी गळतील, तितका निकाल चांगला दिसायचा!

देशाच्या पातळीवरही तेच आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात ४.३३ कोटी विद्यार्थी आहेत, त्यात अनुसूचित जातींचे ६६ लाख आणि जमातींचे २७ लाख. हे आकडे भाषणांत मिरवले जातात. पण एकाच तुकडीचा आत येण्यापासून बाहेर पडण्यापर्यंतचा प्रवास त्यात दिसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत प्रश्न विचारला गेला तेव्हा कळलं, की केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएममधून पाच वर्षांत एससी, एसटी आणि ओबीसी मिळून १३,६२६ विद्यार्थी बाहेर पडले. विचारल्याशिवाय आकडा बाहेर येत नाही.

आपल्या खान्देशला याची किंमत माहीत आहे. जळगावची डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी मुंबईत गेली. भेदभाव रोखण्यासाठी यूजीसीचे नियम २०१२ पासून होते. ते अमलात आणा म्हणून तिच्या आईला रोहित वेमुलाच्या आईसोबत सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने यूजीसीकडे काय मागितलं? किती संस्थांत समान संधी कक्ष आहेत आणि किती तक्रारी आल्या, याची माहिती. म्हणजे पुन्हा आकडेच.

काही जण म्हणतील, जातवार आकडे काढले तर मुलांवर शिक्का बसेल. नावं कोणी मागितलीत? बेरीज हवी आहे. एखाद्या वर्गात दोनच विद्यार्थी असतील तर तीन वर्षांचा आकडा एकत्र द्या. चळवळीतले काही मित्र म्हणतात, कागद कसले काढता, मोर्चा काढा. जरूर काढू. पण मोर्चाच्या निवेदनात लिहिणार काय? "अन्याय होतो" एवढंच लिहिलं तर साहेब "चौकशी करतो" म्हणून मोकळा होतो.

आणि अमेरिकेची भक्ती आम्हाला करायची नाही. बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठानेच क्रमवारीसाठी चुकीची माहिती दिल्याचं २०२२ मध्ये उघड झालं, आणि ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरलं. ते पकडलं तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने. २०१५ मध्ये मेरीलँडमधल्या एका विद्यापीठाच्या अध्यक्षाने तर कच्चे विद्यार्थी आधीच हुडकून बाहेर काढण्याचा घाट घातला होता, टिकणाऱ्यांची टक्केवारी वाढावी म्हणून. मोजणी ज्याच्या हातात, त्याच्या मनासारखी ती वाकते. म्हणून आकडा जाहीर हवा आणि मोजणाऱ्यांत आपली माणसं हवीत.

आमच्या मागण्या तीन आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबारची कॉलेजं ज्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली येतात, त्याने प्रत्येक कॉलेजकडून प्रवर्गवार आणि मुलगा-मुलगीवार तुकडीचा तक्ता घ्यावा आणि छापावा: पहिल्या वर्षाला किती, दुसऱ्याला किती, तिसऱ्याला किती, पास किती. शिष्यवृत्तीचा अर्ज कधी गेला आणि पैसा कधी आला, हेही त्यात असावं. आयक्यूएसीत एससी-एसटीचे विद्यार्थी प्रतिनिधी असावेत.

विद्यापीठ हलेल तेव्हा हलेल. तोवर माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. आपल्या राज्याचा नियम तसा आहे. अनुदानित कॉलेजला उत्तर देणं बंधनकारक आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. "माहिती उपलब्ध नाही" असं लेखी आलं तरी ते जपून ठेवा. आपली मुलं मोजली जात नाहीत, याचा तो सही-शिक्क्याचा पुरावा आहे.

दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांना अभिवादन करायला जमतो. पुढच्या वेळी प्रत्येक गावाने सोबत एक कागद आणावा: आमच्या वस्तीतून कॉलेजला इतके गेले, इतके परत आले, या कारणाने आले. कॉलेज मोजत नसेल तर आपण मोजू. मग तो कागद घेऊन कॉलेजच्या दारात जाऊ.

जय भीम!