6 गिगाहर्ट्झ खुलं झालंय, मग कारंज्यात आत्ता कोणता राउटर घ्यायचा?

मे 2025 मध्ये दूरसंचार विभागाने 6 गिगाहर्ट्झ पट्ट्याचा खालचा भाग वायफायसाठी परवानामुक्त करण्याचा मसुदा काढला. तेव्हापासून माझ्या व्हॉट्सअॅपवर एकच प्रश्न येतोय: "भाऊ, आता वायफाय 7 चा राउटर घेऊन टाकू काय?" विचारणारे कोणी वाशिमचे, कोणी रिसोडचे, दोघं मंगरूळपीरचे. माझं स्वतःचं घर कारंज्यात आहे. माझं उत्तर आहे, इतक्यात नका घेऊ. पण कारण नीट समजून घ्या, कारण राउटरच्या नादात मी स्वतः आपटलोय.

आधी बातमी काय आहे ते पाहू. वायफायसाठी आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये मोकळा झाला आणि 5 गिगाहर्ट्झचा मोठा भाग 2018 मध्ये. मसुद्यात 5925 ते 6425 मेगाहर्ट्झ, म्हणजे 500 मेगाहर्ट्झ, त्यात जोडायचे होते, आणि 2026 मध्ये ते नियम पक्के झाले. अमेरिकेने 2020 मध्येच या पट्ट्यात 1200 मेगाहर्ट्झ देऊन टाकले होते. आपल्याकडे रस्सीखेच चालली. मोबाइल कंपन्यांना हा पट्टा 5जी आणि पुढच्या 6जीसाठी हवा होता, तर चिप आणि उपकरणं बनवणाऱ्यांना वायफायसाठी. गेमिंगवाल्यांना याची झळ आधीच बसली आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये प्लेस्टेशन 5 प्रो जगभर आलं, पण भारतात नाही. 6 गिगाहर्ट्झ वायफायला इथे परवानगी नाही, हेच कारण सोनीने दिलं होतं.

तर मग आनंद का नाही मानायचा? माना, पण नियम वाचून माना. त्यात घराच्या आत कमी शक्तीचा सिग्नल आणि बाहेर अगदीच कमी शक्तीचा, एवढीच मुभा आहे. गाड्या, बोटी, ड्रोन यांच्यावर बंदी. आणि वायफाय 7 चा सगळा रुबाब ज्या 320 मेगाहर्ट्झच्या रुंद चॅनलवर आहे, तसा चॅनल या 500 मेगाहर्ट्झमध्ये एकच बसतो. शेजाऱ्यानेही तोच राउटर आणला की तुम्ही दोघं एकाच रस्त्यावर. शिवाय लहरींची वारंवारता जितकी जास्त, तितक्या त्या भिंतीत लवकर मरतात. मुंबईच्या वन बीएचकेमध्ये चालून जाईल. आमच्याकडे समोर ओसरी, मग बैठक, मग दीड-दोन फुटांची जुनी माती-दगडाची भिंत आणि मागे टिनाची खोली. तिथे 6 गिगाहर्ट्झ बैठकीच्या दारातच राम म्हणेल.

आता माझी चूक सांगतो. माझी धाकटी बहीण घरून काम करते. एका कंपनीच्या ग्राहकांशी दिवसभर व्हिडिओ कॉलवर बोलायचं. महिन्यात ठरावीक वेळांपेक्षा जास्त कॉल तुटले तर पगार कापतात, आणि तिसऱ्यांदा झालं तर काम जातं. तिची बसायची जागा मागच्या खोलीत. तिथे कॉल तुटायला लागले, तर मी शहाण्यासारखा आधी प्लॅन वाढवला. 60 एमबीपीएसचा 150 केला. मग दीड हजाराचा नवा राउटर मागवला. चार अँटेना, डब्यावर मोठ्या अक्षरात "1200 एमबीपीएस". लावला. बैठकीत स्पीड टेस्ट केली, 93. मागच्या खोलीत 8. आठवड्याने बहिणीचा आवाज आला, "काहून रे दादा, पुन्हा गेलं ना!"

चार महिने मी 150 चे पैसे भरत होतो आणि 93 च्या वर काटा कधी गेला नाही. इंटरनेटवाल्याशी दोनदा भांडलो. शेवटी राउटर उलटा करून पाहिला तेव्हा लक्षात आलं की मागचं वायर लावायचं पोर्टच 100 एमबीपीएसचं होतं. नळाला चार तोंडं लावली तरी पाइप अर्ध्या इंचाचाच असेल तर काय उपयोग? आणि तो 1200 चा आकडा म्हणजे 2.4 वरचे 300 अधिक 5 वरचे 867, गोळाबेरीज करून वर ढकललेले. तुमचा फोन एका वेळी त्यातल्या एकाच पट्ट्यावर असतो, आणि तोही हवेतला कागदी वेग. प्रत्यक्षात हातात येतो त्याच्या निम्मा-अर्धा.

म्हणून राउटर घेताना मी आता आधी पोर्ट पाहतो. डब्यावर किंवा वेबसाइटवर तपशिलात "गिगाबिट" किंवा "10/100/1000" लिहिलंय का? नुसतं "10/100" असेल आणि प्लॅन 100 च्या वरचा असेल, तर तो राउटर ठेवून द्या. प्लॅन 100 किंवा त्याच्या आतला असेल तर मात्र हे पोर्ट पुरतं, उगाच जास्त पैसे घालू नका. राउटरइतकंच वायरकडेही पाहा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. आपल्याकडे जोडणारा मुलगा पुष्कळदा चारच तारा दाबून मोकळा होतो, आणि मग चांगला राउटरसुद्धा 100 वर अडकतो. फायबरचा जो पांढरा डबा कंपनी देते, ज्याला आपण सरसकट मॉडेम म्हणतो, त्या ओएनटीचं पोर्टही तपासा. तेच 100 चं असेल तर नवा राउटर घेऊन काहीच बदलणार नाही, आधी डबा बदलून मागा.

दुसरी गोष्ट, ड्युअल बँड हवाच. वस्तीत प्रत्येक घरात वायफाय असताना 2.4 वर नुसती गर्दी असते. तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. (नावामागे "5जी" लावलेलं वायफाय दिसलं की काही जण ते मोबाइलचं 5जी समजतात. तसं नाही, तो 5 गिगाहर्ट्झ पट्टा आहे.) जवळ बसून वापरायला 5, भिंतीपलीकडे 2.4, असा सरळ हिशोब. आणि आत्ता विकत घ्यायचाच असेल तर गिगाबिट पोर्टवाला साधा वायफाय 6 राउटर भरपूर झाला. एका वेळी सात-आठ फोन, टीव्ही आणि कॅमेरा सांभाळायला तो वायफाय 5 पेक्षा खरंच बरा आहे. वायफाय 7 लिहिलेले जे राउटर आपल्याकडे दुकानात आहेत, त्यांतल्या स्वस्तातल्या काही मॉडेलमध्ये 6 गिगाहर्ट्झचा पट्टा मुळातच नसतो. नियम पक्के झाले असले तरी तो त्यात नंतर येणार नाही.

पण बहिणीचा प्रश्न यातल्या कशानेच सुटला नाही. सुटला तो वीस मीटर वायरने. बैठकीतून छताच्या कडेने मागच्या खोलीपर्यंत केबल ओढली, आठही तारा नीट दाबून घेतल्या, आणि तोच दीड हजाराचा फसलेला राउटर तिकडे लावला. सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड निवडला. तो मोड नसेल तर डीएचसीपी बंद करायचं, राउटरचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवायचा आणि वायर लॅन पोर्टमध्ये लावायची. व्हिडिओ कॉलला लागतात चार-पाच एमबीपीएस, त्यामुळे 100 चं पोर्ट तिला पुरून उरतं. रिपीटर घ्यायचा मोह मलाही झाला होता, पण तो तुटका सिग्नल पकडून तुटकाच पुढे देतो.

मग राहिली वीज. हा प्रश्न पुण्याच्या यूट्यूबरच्या व्हिडिओत येत नाही, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात मोठा. राउटर-ओएनटीसाठी बॅटरीवाला छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घ्या. घेण्याआधी दोन्ही अॅडॉप्टरवर लिहिलेलं वाचा. बहुतेक ठिकाणी 12 व्होल्ट असतं, पण काही डबे 9 व्होल्टचे असतात. 9 वाल्याला 12 दिलं तर डबा जळू शकतो. अँपिअरही जुळवा, दोन्ही डब्यांची बेरीज यूपीएसच्या क्षमतेत बसली पाहिजे. आणि पैसे घालण्याआधी एक परीक्षा करा. लाइट गेली की घरच्या इन्व्हर्टरवर किंवा शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरवर ओएनटी लावा आणि पॉनचा दिवा पाहा. खांबावरच्या फायबर स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे पलीकडच्या केंद्रात बॅटरी असेल तर दिवा हिरवा राहील आणि नेट चालेल. लॉसचा लाल दिवा लागला तर पलीकडचं केंद्रच बंद पडलंय. मग यूपीएसपेक्षा मोबाइल हॉटस्पॉट बरा, किंवा इंटरनेटवाला बदलायचा विचार करा.

मानोऱ्याकडच्या गावांत जिथे फायबर अजून पोहोचलं नाही, तिथे हे बरंचसं लागू नाही. एअरफायबरसारखी जोडणी घेतली तर डबाही त्यांचाच असतो. तुमच्या हातात एवढंच की आतला डबा कुठे ठेवायचा. टिनाला चिकटून नको, लोखंडी कपाटात तर मुळीच नको.

आमच्याकडे आता पेरणीची घाई आणि रोज संध्याकाळी आभाळ. विजा कडाडायला लागल्या की यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून ठेवा. राउटर बॅटरीवर चालत राहील आणि बहिणीचा कॉलही.