ट्रॅक्टरची परीक्षा होते, खुरप्याची का नाही?



आम्ही हे चिपळूणहून लिहीत आहोत. इथल्या डोंगरावर परशुरामाचे देऊळ आहे. परशू म्हणजे कुऱ्हाड. देवाच्या हातातल्या हत्याराला मान आहे. तेच हत्यार शेतमजुराच्या हाती आले की त्याचे पोलाद कसले, हे विचारणारा कोणी नाही. भात कापणारी कोकणची बाई आणि कपाशी निंदणारी वऱ्हाडची बाई, दोघींचे दुखणे एकच आहे.

ट्रॅक्टरची चाचणी मध्य प्रदेशात बुदनी येथे, १९५५ साली सुरू झालेल्या केंद्रीय संस्थेत होते. ओढ, इंधन, ब्रेक सगळे तपासून अहवाल निघतो. चांगलेच आहे. पण कोरडवाहू रानातले निंदण, ज्वारीची कापणी, पऱ्हाटी तोडणे आजही खुरपे, विळा आणि कुऱ्हाडीवर चालते. त्यांचा अहवाल तुमच्यापैकी कोणी पाहिला आहे काय?

ही तपासणी काही अवघड नाही. रॉकवेल यंत्रात हिऱ्याचे टोक १५० किलो भाराने पात्यावर दाबतात आणि ते किती खोल गेले यावरून कठीणपणाचा आकडा काढतात. पात्यावर बारीक खूण राहते, अवजार वाया जात नाही. दुसऱ्या चाचणीत खाच पाडलेल्या तुकड्यावर झुलता हातोडा सोडून पोलाद किती चिवट आहे ते पाहतात. तिसरीत कार्बन मोजतात.

याची गरज का? कार्बन फार कमी असलेल्या लोखंडाला कितीही पाणी दिले तरी ते कठीण होत नाही. धार तासाभरात बसते. कार्बन पुरेसा आहे, पण पाणी दिल्यावर पुन्हा बेताने तापवले नाही, तर पाते काचेसारखे ठिसूळ राहते आणि दगडावर त्याचा तुकडा उडतो. गावचा लोहार तापत्या पात्याचा रंग पाहून कुठे थांबायचे ते जाणतो. त्याचे कसब खोटे नाही. पण भंगारातून आलेला तुकडा कोणत्या पोलादाचा, हे त्यालाही कोणी सांगत नाही.

मऊ खुरपे स्वस्त पडते, हा भ्रम आहे. वाचलेले पैसे बाईचे मनगट भरते, आणि उरलेले रोजाच्या हिशेबात शेतकरी भरतो. मनात आणले तर सुधारणा होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला दातेरी वैभव विळा हलका आहे आणि वारंवार पाजवावा लागत नाही. अकोला आणि परभणीलाही कृषी विद्यापीठे आहेत.

कोणी म्हणेल, कायदा करा, इन्स्पेक्टर नेमा. आम्हाला ते नको. इन्स्पेक्टर आला की पहिला हप्ता गावच्या लोहाराला द्यावा लागतो. मोठा कारखानदार सुटतो. आम्हाला परवाना नको, माहिती हवी. पोलाद कोणते आणि कठीणपणा किती, हे दोन आकडे कारखानदाराने पात्यावर ठोकावेत. आकडा खोटा निघाला तर गिऱ्हाईक त्याला बाजारातच धडा शिकवील.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालये आणि कृषी विद्यापीठांनी आपल्या प्रयोगशाळा ठरलेल्या फीमध्ये लोहारांना व शेतकऱ्यांना खुल्या कराव्यात. गावाने अवजारे एकत्र घ्यावीत, आणि पैसे देण्यापूर्वी त्यातले दोन-तीन नग तपासून घ्यावेत. आणि तोवर प्रत्येकाने दुकानात साधी कानस सोबत न्यावी. पात्याच्या धारेवर ती सहज चावली तर लोखंड मऊ. घसरली तर पाणी बसलेले आहे.

कापूस विकायला नेला की व्यापारी बोंड चुरगाळून, धागा ओढून, ओलावा पाहून भाव पाडतो. आपला माल इतका पारखला जातो, तर आपण विकत घेतो तो मालही पारखून घेणे हा आपला हक्क आहे. तो मागायला लाजू नका.