रोज तेच झाड

हौशी छायाचित्रकाराने रोज एक छायाचित्र घ्यावे, हा उपदेश मला मान्य आहे. परंतु मालवणच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला रोज वेठीस धरणारी मंडळी पाहून माझे मत असे झाले आहे की, नित्य नवे स्थळ धुंडाळण्यापेक्षा एकाच स्थळी, एकाच घटकेला उभे राहणे अधिक फलदायी होय. १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग कोठे पळून जात नाही. पळते ती वाळू. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागला ज्या सुरूसमोर मी कॅमेरा धरतो, त्याची मुळे मृगापूर्वी वाळूत गडप होती. नारळी पौर्णिमेला ती उघडी पडली आणि त्यांत रापणीच्या दोराचा एक तुकडा अडकलेला होता. घटका मात्र घड्याळाची नव्हे, ओहोटीची धरावी. ती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून घड्याळाबरहुकूम घेतलेल्या चित्रांची तुलना फसवी ठरते. खाऱ्या वाऱ्याने भिंगावर धरलेला चिकट थर पंचाच्या टोकाने पुसताना उमटलेला ओरखडा पुढील सर्व चित्रांत आहे, असो. किनारा खचल्याची तोंडी हकीकत सरकारदरबारी टिकत नाही, आणि पंचनामा होतो तो लाट येऊन गेल्यावर; तारीखवार लावलेली ही कंटाळवाणी चित्रे मात्र बंधाऱ्याच्या अर्जास जोडण्याजोगा दस्तऐवज आहेत. भिंतीवर टांगण्याजोगे त्यांतले एकही नाही, आणि मी निघालो की घरातून प्रश्न येतोच, “आज परत थंयच?”