छोटी बॅटरी हाच यूपीएसचा पहारेकरी

कॉम्प्युटरच्या ६०० व्हीए यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. वीज गेली की ती दहा-पंधरा मिनिटं तग धरते. तेवढ्याने भागत नाही, म्हणून यूपीएसचं झाकण उघडायचं, दोन वायरी बाहेर काढायच्या आणि इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी जोडायची, हा जुगाड अनेकांना सुचतो. व्होल्टेज तेच, साठा वीसपटीहून जास्त; हिशोब बिनतोड वाटतो. त्यात यूपीएसचा मात्र विचारच झालेला नसतो. आतला ट्रान्सफॉर्मर आणि मॉस्फेट काही मिनिटांच्या कामासाठीच बेतलेले असतात. ३०० वॅटचा भार असेल तर बॅटरीतून २५ ते ३० अँपिअर करंट ओढला जातो. मूळ बॅटरी लवकर संपते, म्हणूनच उष्णता साचायच्या आत यूपीएस बंद पडतो. छोटी बॅटरी ही काटकसर खरीच, पण संरक्षणही तीच करते. ती काढली की भट्टी तासन्‌तास पेटती राहते.

पंखा बसवला की झालं, असं यावर सांगितलं जातं. पंख्याने उष्णता कमी होईल, चार्जिंगचं काय? छोट्या यूपीएसचा चार्जर जेमतेम एक अँपिअर देतो. १५० अँपिअर-अवरची रिकामी बॅटरी त्यावर भरायला सहा दिवसांहून जास्त लागतील; रोज वीज जात असेल तर ती कधीच पुरती भरणार नाही आणि अर्धपोटी राहून प्लेटांवर सल्फेट साचेल. शिवाय इन्व्हर्टरच्या पाण्याच्या ट्युब्युलर बॅटरीला चार्जिंगसाठी वेगळं व्होल्टेज लागतं, आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. ती बंद खोलीत टेबलाखाली ठेवणं धोक्याचंच. काही यूपीएसमध्ये तर बॅटरीची बाजू घरच्या विजेपासून विलग केलेलीच नसते. उघड्या टर्मिनलला हात लागला तर शॉक बसू शकतो. आणि बॅटरीलगत फ्यूज न टाकता वायर ओढली तर एका शॉर्टसर्किटने तिचं इन्सुलेशन पेटतं.

तरीही असे जुगाड वर्षानुवर्षं चालतात, हा आक्षेप खोटा नाही. वीस-तीस वॅटच्या राउटरवर ते चालतात, कारण तिथे आतले भाग फारसे तापतच नाहीत. पण १२ व्होल्टच्या राउटरसाठी आधी २३० व्होल्ट तयार करायचे आणि अडॅप्टरने पुन्हा १२ वर आणायचे, हा वेडेपणा आहे; राउटरचा छोटा डीसी यूपीएस ते काम थेट करतो. बाहेरची बॅटरी मुळात वाईट असंही नाही. ती जोडण्यासाठीच बनवलेले यूपीएस बाजारात आहेत, आणि घरगुती इन्व्हर्टर दुसरं काय करतो? त्याचा चार्जर १० ते १५ अँपिअरचा आणि ट्रान्सफॉर्मर तासन्‌तास चालण्याजोगा असतो. तासाभराहून जास्त बॅकअप हवा असेल तर तोच घ्यावा, आणि जुन्या यूपीएसमध्ये त्याच मापाची नवी बॅटरी घालून तो आहे त्या कामाला ठेवावा. व्हीएचा आकडा ठळक छापणाऱ्या कंपन्यांनीही पूर्ण भारावर यूपीएस सलग किती वेळ चालवता येतो आणि त्याला बाहेरची बॅटरी चालते की नाही, हे त्याच लेबलवर छापावं.