घराघरातल्या टीव्हीचा दर जनतेसमोर ठरला पाहिजे!



जुलै २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, एक मर्यादा उठवली. केबल किंवा डिश कंपनीने नुसत्या जोडणीपोटी महिन्याला जास्तीत जास्त किती पैसे घ्यावेत, याची ती मर्यादा होती. या रकमेला केबलवाले ‘एनसीएफ’ म्हणतात. आता हा आकडा कंपनीने स्वतः ठरवायचा. विजेचा दर युनिटमागे काही पैशांनी वाढला तरी आपल्याकडे मोर्चे निघतात. या निर्णयावर कुठे मोर्चा निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. म्हणून हे पत्रक.

आमची मागणी सरळ आहे. घरापर्यंत टीव्ही पोचवण्याची सेवा ही वीज, पाणी, टपाल यांच्या पंक्तीला बसणारी सार्वजनिक सेवा आहे असे कायद्याने मान्य करा. मागेल त्याला जोडणी, मूळ पॅकचा दर जनसुनावणी घेऊन ठरलेला, आणि सेवा बंद पडली तर भरपाई. हे तिन्ही हक्क विजेच्या ग्राहकाला आहेत, मग टीव्हीच्या ग्राहकाला का नसावेत?

आधी पैशाचा हिशेब पाहू. फेब्रुवारी २०१९ मध्ये नवी दरपद्धत आली. ग्राहक आता आपल्या मर्जीचा मालक, हवी ती वाहिनी घ्या आणि तेवढ्याचेच पैसे मोजा, असे तेव्हा सांगण्यात आले. प्रत्यक्षात शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे आधी मोजायचे. एवढे देऊनही पैसेवाली एकसुद्धा वाहिनी दिसत नाही. ती हवी असेल तर तिचे वेगळे. पॅकमध्ये घालायच्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त नसावी अशी अट होती, तर बऱ्याच लोकप्रिय वाहिन्यांनी आपली किंमत नेमकी १९ वर नेऊन ठेवली. सुट्या वाहिन्या घ्याव्यात तर महाग पडतात, पॅक घ्यावा तर स्वस्त पडतो, पण त्या पॅकमध्ये नको असलेल्या डझनभर वाहिन्या गळ्यात येतात.

ट्रायच्या हे लक्षात आले नव्हते असे नाही. १ जानेवारी २०२० ला तिने १९ चे १२ केले आणि १३० रुपयांत दोनशे वाहिन्या द्यायला लावल्या. वाहिन्यांचे मालक मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३० जून २०२१ च्या निकालात न्यायालयाने ट्रायचा अधिकार मान्य केला. म्हणजे लढाई ग्राहकाच्या बाजूने जिंकली गेली होती. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रायनेच १२ चे पुन्हा १९ केले आणि २०२४ मध्ये जोडणीच्या दरावरची मर्यादाही काढून टाकली. कोर्टात जिंकलेले नियामकाने स्वतःच्या हाताने परत देऊन टाकले. याला दुसरे नाव आम्हाला सुचत नाही.

दर ठरवता येतच नाहीत, असे मात्र कोणी सांगू नये. २००६ च्या अखेरीस दक्षिण मुंबईत ‘कॅस’ ही सेट-टॉप बॉक्सची पद्धत लागू झाली तेव्हा मोफत वाहिन्यांच्या संचाचे ७७ रुपये आणि पैशाच्या प्रत्येक वाहिनीचे ५ रुपये, असा दर नियामकानेच बांधून दिला होता. त्याने कोणती वाहिनी बुडाली?

‘अहो, टीव्ही म्हणजे चैन. परवडत नसेल तर पाहू नका,’ असे काही सुशिक्षित मंडळी म्हणतात. त्यांनी २४ मार्च २०२० चा केंद्रीय गृहखात्याचा आदेश काढून वाचावा. कोरोनाच्या साथीत सारा देश बंद करताना काय चालू ठेवायचे याची जी यादी केली, त्यात दूरसंचार आणि इंटरनेटबरोबर प्रसारण आणि केबल सेवा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या दिवसांत केबलची माणसे गल्लीबोळांतून तारा जोडत फिरत होती, कारण सरकारच्या लेखी ते आवश्यक काम होते. शाळा बंद पडल्या तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. घरात स्मार्टफोन नसलेल्या मुलांची शाळा तेव्हा याच पडद्यावर भरली. संकट आले की आवश्यक सेवा आणि संकट सरले की चैन, असा दुटप्पी हिशेब चालणार नाही.

आणि टीव्ही आपल्याकडे आला तोच मुळी लोकशिक्षणाचे साधन म्हणून. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झाले, पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात चित्र दिसू लागले. ‘आमची माती, आमची माणसं’ने बी-बियाण्यांची आणि फवारणीची माहिती शेतकऱ्यांच्या घरात नेली. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने प्रेक्षकांची मंडळे गावोगाव उभी केली. त्या प्रसारणासाठी महिन्याचा रिचार्ज नव्हता. घरावर अँटेना उभारला की चित्र दिसे.

तो अँटेना आज निरुपयोगी आहे. दूरदर्शनची जमिनीवरची जुनी प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि मार्च २०२२ अखेर, संवेदनशील भागांतली थोडी सोडता, बहुतेक सगळी मिटली. तंत्र जुने झाले होते हे मान्य. पण हवेतून फुकट मिळणारी सेवा काढून घेताना तिच्या जागी काय दिले? ‘डीडी फ्री डिश’ आहे, असे उत्तर येते. फ्री डिशला महिन्याचे पैसे लागत नाहीत हे खरे, आणि देशातली कोट्यवधी घरे तिच्यावर आहेत हेही खरे. लोकांना स्वस्त, साधी, सगळ्यांना मिळणारी सेवा हवी आहे याचा याहून मोठा पुरावा कोणता? पण तिथल्या जागा लिलावाने विकल्या जातात. मोठ्या समूहांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या २०१९ मध्ये तिथून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. प्रेक्षकाला विचारले कोणी? मराठी माणसाला तर तिथे मराठी वाहिन्या शोधाव्या लागतात.

क्रिकेटची गोष्ट तर प्रत्येक घराने अनुभवलेली आहे. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावेत असा कायदा २००७ मध्ये झाला. त्याचा हेतू स्वच्छ होता, ज्याला पैसे भरता येत नाहीत त्यालाही सामना दिसावा. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ असा लावला की ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डिशवरच दाखवता येईल; खासगी केबलवर किंवा खासगी डिशवर येणाऱ्या दूरदर्शनवर नाही. त्यानंतर जमिनीवरचे प्रक्षेपणही बंद झाले. म्हणजे महिन्याला तीन-चारशे रुपये भरणाऱ्याच्या घरी डीडी नॅशनल लागते, पण भारताचा सामना सुरू झाला की त्या वाहिनीवर दुसरेच काहीतरी चालू असते. न्यायालयाने कायद्यात लिहिले होते तेच वाचले. संसदेने एक दुरुस्ती केली तर हे उद्या सुटेल. आमच्या खासदारांपैकी कोणी ती मांडणार आहे का?

प्रसारणाच्या लहरींची मालकी मुळात कोणाची, तेही सांगितले पाहिजे. १९९३ च्या हीरो कप सामन्यांच्या प्रक्षेपणावरून खटला झाला. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यातले मुख्य निकालपत्र आपल्या मराठी न्यायमूर्तींनी, पी. बी. सावंत यांनी लिहिले. रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे, आणि तिच्या नियमनासाठी समाजाच्या सर्व थरांचे प्रतिनिधित्व असलेली स्वायत्त संस्था असली पाहिजे, हे त्या निकालाचे सार आहे. उपग्रहावरून येणारी लहर आपल्या सर्वांची. तिला घरापर्यंत आणणारी तार पालिकेच्या रस्त्यावरून आणि विजेच्या खांबांवरून जाते, तो रस्ता आणि ते खांबही आपलेच. मग त्यावरून चालणाऱ्या धंद्याचा दर बंद दाराआड का ठरावा?

‘स्पर्धा आहे, एक कंपनी आवडली नाही तर दुसरी घ्या,’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा गल्लीत येऊन पाहावे. बहुतेक गल्ल्यांत केबल एकाच चालकाची असते. डिश घ्यायची तर तिला दक्षिणेकडचे मोकळे आकाश लागते. उत्तरेला तोंड असलेल्या चाळीतल्या खोलीने ते कुठून आणावे? गच्चीवर लावावी तर सोसायटीची परवानगी. कोकणात मुसळधार पाऊस लागला की डिशचे चित्र अडकते, आणि हवामानाच्या बातम्या नेमक्या तेव्हाच हव्या असतात. शिवाय कंपनी बदलली की आधीच्या कंपनीचा सेट-टॉप बॉक्स अडगळीत. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीला चालला पाहिजे अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. सामान्य ग्राहकाच्या घरात ती अजून पोचलेली नाही. त्यात २०२४ च्या नोव्हेंबरात देशातले दोन बलाढ्य वाहिनीसमूह एक झाले. विकणारे कमी होत चालले असताना दरावरची मर्यादा उठवायची, हे कोणते शहाणपण?

आमच्या शेजारच्या एका आजींकडे काय होते ते सांगतो. मुलगा रात्रपाळीला, घरातला एकुलता फोन त्याच्याबरोबर. पॅकची मुदत संपली की पडद्यावर एक चौकोन येतो. त्यात बारीक इंग्रजी अक्षरे, बॉक्सचा लांबलचक क्रमांक आणि एक फोन नंबर. आजींना ती अक्षरे वाचता येत नाहीत. त्या रिमोटची बॅटरी काढून पुन्हा घालतात, बॉक्सच्या मागची वायर दाबून पाहतात, मग दाराशी येऊन आम्हाला हाक मारतात. सह्याद्रीच्या सातच्या बातम्या त्या रोज पाहतात, आणि सह्याद्रीसाठी कोणी दमडी मागत नाही. तरी तीही बंद. पैसे भरल्याची पावती मागितली तर मिळतो एका कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलेला आकडा, कराचा वेगळा उल्लेख नाही. वीज तोडण्याआधी कंपनीला लेखी नोटीस द्यावी लागते. इथे मात्र एका क्षणात सगळे काळे.

यात केबलवाल्या पोराला दोष देऊन उपयोग नाही, हे ठासून सांगतो. भर पावसात खांबावर चढणारा तोच, शिव्या खाणाराही तोच. वेगळा करार नसेल तर जोडणीच्या पैशातले ५५ टक्के वरच्या कंपनीकडे जातात आणि ४५ टक्के त्याच्याकडे राहतात. त्यातून त्याने माणसे, तारा आणि दुरुस्ती सांभाळायची. दर उघडपणे, खर्चाचे हिशेब तपासून ठरले तर त्याचाही रास्त वाटा ठरेल. केबलचालकांनी या मागणीत आमच्याबरोबर उभे राहावे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सार्वजनिक सेवा म्हटली की सरकारचा हात आला, आणि सरकारचा हात आला की काय दाखवायचे तेही सरकारच ठरवणार, ही भीती. तमिळनाडूत २०११ मध्ये सरकारी ‘अरसू’ केबलने महिन्याला ७० रुपयांत सेवा दिली. दर लोकांना परवडला, पण तारेची चावी सत्ताधाऱ्यांच्या हाती गेली. राज्य सरकारांनी या धंद्यात उतरू नये, असे ट्रायनेही सांगितले होते. आम्हालाही सरकारी केबल नको. वीज कंपनी तुमच्या घरी कोणता दिवा लावायचा ते सांगत नाही. वीज पोचवणे एवढेच तिचे काम. तसेच इथेही. पोचवणाऱ्या सेवेवर कायद्याचे बंधन असावे, कार्यक्रमावर नसावे. सावंतांच्या निकालात सांगितलेली स्वायत्त संस्था याचसाठी हवी.

‘आता सगळे मोबाइलवर पाहतात’ हे विधान शहरातल्या तरुणांचे आहे. घरी एकच फोन असलेल्या कुटुंबांनी आणि रेंज नसलेल्या वाड्या-पाड्यांनी काय करावे, याचे उत्तर त्यात नाही.

तर मागण्या अशा. मूळ पॅक कायद्याने ठरवा: दूरदर्शनच्या सर्व वाहिन्या, शिक्षणाच्या वाहिन्या, मोफत वृत्तवाहिन्या आणि राज्याच्या भाषेतल्या मोफत वाहिन्या. त्याचा दर कंपन्यांचे हिशेब उघड करून, विजेप्रमाणे जाहीर सुनावणीत, राज्याच्या भाषेत ठरवा. ट्राय सल्लापत्रिका काढते हे आम्हाला माहीत आहे, पण जाडजूड इंग्रजी पत्रिकेला आजींनी काय उत्तर द्यावे? मूळ पॅकवरचा जीएसटी रद्द करा. नळाच्या पाण्यावर आणि घरच्या विजेवर तो नाही. दूरदर्शन पैशाअभावी कधीही बंद पडू नये. वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे मागेल त्याला ठरावीक मुदतीत जोडणी द्या, आणि प्रत्येक जिल्ह्यात विजेसारखा गाऱ्हाणे निवारण मंच नेमा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार हाती घेत नाही, आणि दीडशे रुपयांसाठी ग्राहक आयोगात खेटे घालणे कोणालाच परवडत नाही. बॉक्स सर्व कंपन्यांना चालण्याची तारीख जाहीर करा. क्रीडा प्रसारण कायद्यात दुरुस्ती करा.

आपण काय करायचे? पुढच्या ग्रामसभेत, सोसायटीच्या किंवा मंडळाच्या सभेत या मागण्यांचा ठराव मांडा, त्यावर सह्या घ्या, आणि एक प्रत आपल्या खासदारांना, एक ट्रायला, एक माहिती व प्रसारण मंत्रालयाला स्पीड पोस्टाने पाठवा. येत्या महिन्यात पॅकचे पैसे भरताना छापील बिल मागा. जोडणीचे किती, वाहिन्यांचे किती, कराचे किती, हे त्यावर वेगवेगळे लिहून घ्या आणि ते बिल जपून ठेवा. सुनावणीची मागणी मान्य होईल त्या दिवशी ही बिले पुरावा म्हणून टेबलावर ठेवायची आहेत.