काटकसरी गाडी आणि आपला पाय

वस्तू जुनी झाली की तिच्यावर वाटेल तो आरोप करावा, ही आपली जुनीच खोड आहे. घरातली म्हातारी माणसेही त्यातून सुटत नाहीत, मग मोटारगाडीची काय कथा! माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो. त्याच्याकडे वीस वर्षांपूर्वीची एक हायब्रिड गाडी आहे. म्हणजे जिच्यात पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर असे दोघे मिळून संसार ओढतात, तशी. "हायवेवर फार पेट्रोल पिते आता, काढून टाकावी म्हणतो," असे तो मध्यंतरी फोनवर म्हणाला. मला ते पटले नाही. कलाशाखेच्या माणसाने यंत्रात नाक खुपसू नये हे खरे. पण इथे प्रश्न यंत्रापेक्षा समजुतीचा अधिक आहे.

या गाड्यांची काटकसर मुख्यतः शहरातली. ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते आणि सिग्नलला इंजिन बंद पडून राहते. हमरस्त्यावर ब्रेकच नाही, तर साठवायचे काय? म्हणून २००४ च्या टोयोटा प्रियसवर अमेरिकेत जे सरकारी आकडे लावलेले असत, ते इतर गाड्यांच्या उलट होते : शहरात गॅलनला ६० मैल, हायवेवर ५१. आपल्या हिशेबात लिटरला साधारण साडेपंचवीस आणि पावणेबावीस किलोमीटर. पण हायवेच्या त्या चाचणीत सरासरी वेग ताशी ४८ मैल होता आणि ६० च्या वर तो कधी जातच नव्हता! २००८ पासून चाचणीत ८० मैलांपर्यंतचा वेग, वातानुकूलन, थंडी हे सारे धरू लागले, तेव्हा त्याच गाडीचे आकडे ४८ आणि ४५ झाले. गाडीतला एक खिळाही हलला नव्हता.

खरा वैरी हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५५ मैलांवरून ७५ वर गेले, की तो जवळजवळ १.८६ पट होतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ५५ मैलांची मर्यादा घातली, ती उगीच नव्हे. अनेकांना ती आवडली नाही; १९९५ मध्ये ती उठली. मी भावाला विचारले, "किती वेगाने हाकतोस रे?" म्हणाला, "सगळे ऐंशीने जातात, मी मागे राहू?" शिवाय टपावर सायकली बांधायचे कॅरिअर, वर्षातून दोनदा लागणारे, बारा महिने चढवलेले! ज्या गाडीचा आकार हवा सहज निसटावी म्हणून एवढ्या कष्टाने घडवला, तिच्या डोक्यावर आपण हे शिंगाड बसवायचे आणि वर तिलाच खादाड म्हणायचे.

"पण बॅटरी म्हातारी झाली त्याचे काय?" हा त्याचा पुढचा मुद्दा. बॅटरी थकली तर ते शहरात अधिक जाणवेल. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना भार बहुतेक इंजिनच वाहते. ते इंजिनही अ‍ॅटकिन्सन पद्धतीचे, म्हणजे ओढीला थोडे कमी पण पेट्रोलाचा थेंब पुरवून वापरणारे. ओढ कमी पडेल तिथे मोटर हात देते, म्हणूनच असले इंजिन बसवणे परवडते. तेव्हा हायवेवर हायब्रिडचा काही उपयोग नाही हे बोलणेही अर्धवटच.

नवी गाडी घेऊन वाचेल किती? लिटरला २० किलोमीटरची गाडी देऊन २५ ची आणली तर हजार किलोमीटरमागे १० लिटर वाचतात. आणि १० ची देऊन १२ ची आणली तर? सोळा लिटरांहून जास्त! तेव्हा मोडीत काढायच्याच असतील तर शेजारच्या त्या अगडबंब गाड्या आधी काढाव्यात असे माझे मत आहे. भावाची गाडी तर मोडीतही जायची नाही. दुसरा कोणी घेऊन तीच चालवील, आणि हा नवी गाडी पुन्हा ऐंशीनेच हाकणार.

टपावरचे कॅरिअर उतरवून गॅरेजमध्ये ठेवले, असे त्याने परवा कळवले. वेगाबद्दल मात्र अवाक्षर काढले नाही.